रिसीव्हरकडचा कोड

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लॅबमधल्या सोबत्यांना तर नाहीच. आज सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे — हलकं का व्हावं ते? संताप येतो, म्हणून सांगतोय. स्वतःचाच.

औरंगाबादेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कम्युनिकेशनची लॅब सांभाळायचो. स्प्रेड स्पेक्ट्रमचं प्रॅक्टिकल तसं साधं — संदेश एका कोडनं विस्कटून पाठवायचा आणि पलीकडं तोच कोड वापरून पुन्हा गोळा करायचा. कोड जुळला नाही तर हाती नुसती खरखर. आमच्या किटमधला रिसीव्हरकडचा कोड तयार करणारा भाग कधीचाच गेलेला. मग मुलं काय करायची? वरच्या वर्गाच्या फाइलींतून वेव्हफॉर्म, म्हणजे लहरींच्या आकृत्या, उतरवायची, आणि आम्ही डोळे मिटून सह्या ठोकायचो. तपासणी समितीला दिलेल्या ‘सर्व किट चालू’ या कागदावर सही कुणाची? माझीच!

देवगाव रंगारीची वैशाली मात्र स्कोपच्या पडद्यावर लहर दिसेल तशीच काढायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं ट्रान्समीटरचा कोड एका वायरनं थेट रिसीव्हरला दिला — आणि संदेश स्वच्छ परत आला.

“सर, किटच बिघडलंय. माझं काय चुकलं नाय,” ती हरखून म्हणाली.

मी काय केलं? शाबासकी द्यायची सोडून वायर काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची फाइल उघडली. संदेशाच्या जागी खरखर काढलेली. तिनं कारण सांगितलं, वायर जोडून दाखवते म्हणाली. ते माझ्याकडे वळले. “किट बंद आहे का हो?”

ती माझ्याकडे बघत होती — किती खात्रीनं!

“नाही सर, चालू आहे,” मी म्हणालो.

“मग वायर कशाला हवी?” परीक्षक हसले आणि त्यांनी तिला नापास केलं. चितेगावच्या कारखान्यात झालेली तिची निवड त्यापायी गेली. वर चहा पिताना मीच म्हणालो, हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत. जीभ कशी झडली नाही माझी? आणि भीती तरी कसली होती? फार तर एक मेमो आला असता. एका मेमोसाठी मी तिला खोटं पाडलं!

सहा महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला आली. किट तेच, बिघाड तोच. फाइलमध्ये मात्र जुन्या वहीतून उतरवलेला वेव्हफॉर्म, रेघ न् रेघ देखणी. परीक्षक शेजारच्या टेबलावर होते, म्हणून मीच विचारलं, “संदेश परत आला का?”

स्कोपवर खरखर नाचत होती. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

“आला, सर.”

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.