भिंतीपलीकडचं ऊन

काकूंचा फोन आला तेव्हा आम्ही सोसायटीच्या ऑफिसात बसून काकांविरुद्ध ठराव लिहीत होतो. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे लिहायचं काम माझं. आमचे अध्यक्ष भाटियाजी 'अड़ियल रवैया' हे शब्द ठरावात हवेतच म्हणून हट्ट धरून बसले होते आणि मी ते कसे टाळता येतील याच्या खटपटीत होते. एका सभासदाच्या आडमुठेपणामुळे सगळ्यांची घरं अडली आहेत, असा एकूण मजकूर. तेवढ्यात फोन वाजला. काकू म्हणाल्या, "मीनल, हे गेले गं... चहा घेता घेता गेले." मी ऑफिसातल्या लोकांना हिंदीत सांगितलं, साळवे साहब नहीं रहे. भाटियाजींनी माझ्यासमोरचा कागद हळूच ओढून घेतला आणि घडी करून खिशात घातला. ते मला आवडलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुधाकर साळवे मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या खात्यात नोकरी लागली म्हणून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. माझी त्यांची ओळख माझ्या मूर्खपणातून झाली. आम्ही पुण्याहून आलो आणि द्वारकेत या सोसायटीत घर घेतलं, तेव्हा मी मुद्दाम तळमजल्यावरचं उत्तरेचं घर निवडलं होतं. दिल्लीचा उन्हाळा ऐकून माहीत होता. उन्हाचं तोंड बघायला नको, घर गार राहील, अशी माझी हुशारी. एजंटसुद्धा माझ्याकडे चमकून बघत होता, पण मला वाटलं त्याला माझं कौतुक वाटतंय. जानेवारी आला आणि त्या घराचं थडगं झालं. लादीवर पाय ठेववेना, कपडे चार-चार दिवस ओले, सासूबाई दोन रजयांखाली कुडकुडत पडलेल्या. समोरच्या इमारतीतले साळवेकाका एकदा साखर मागायला म्हणून आले, घरभर नजर फिरवली आणि खो-खो हसत सुटले. म्हणाले, आपली माणसं इथे आली की हीच चूक करतात, मीही केली होती. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंची खुर्ची त्यांच्या दक्षिणेच्या बाल्कनीत. तिथे त्या आणि काकू मटार सोलत बसायच्या, मीठ लावून संत्री खायच्या. दिल्लीत ऊन खाणं ही कामाची गोष्ट आहे, हे मला त्या घरात कळलं.

काका गप्पिष्ट, खोडकर, आणि कामाच्या बाबतीत भयंकर चिकट. निवृत्त झाल्यावरही कोणाच्याही हातातला नकाशा हिसकावून बघायचे. एकदा मला म्हणाले, नकाशात प्लॉटच्या आत सगळं असतं, झाड, पायरी, गाडी लावायची जागा. आणि प्लॉटच्या रेघेबाहेर नुसतं पांढरं सोडलेलं असतं. "जसं काही तिथे कोणी राहतच नाही," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मी तेव्हा हो-हो केलं. ऑफिसातून दमून आले होते, नकाशांत मला काय रस असणार?

मग आमच्या इमारतींनीच वाट लावली. इथलं पाणी खारं, आतलं लोखंड गंजून फुगलं, जिन्यातून प्लास्टरचे पोपडे पडायला लागले. तपासणी झाली, दुरुस्तीच्या पलीकडे गेल्याचं सांगण्यात आलं. पाडून नवं बांधायचं ठरलं, एक बिल्डर तयार झाला, त्याला मात्र प्रत्येक सभासदाची संमती हवी होती. सह्या भराभर होत गेल्या. राहिले काका. आम्हाला वाटलं, यांना मोठं घर हवं असेल. उलट नव्या आराखड्यात त्यांना दक्षिणेचं, उंचावरचं, दिवसभर उन्हाचं घर मिळणार होतं. त्यांची तक्रार दुसरीच होती. उंच टॉवर प्लॉटच्या उत्तर टोकाला, मागच्या भिंतीला खेटून उभा राहणार होता, आणि भिंतीपलीकडे जनता फ्लॅट होते, एकेका खोलीची ती बसकी, जुनी सरकारी घरं. थंडीत टॉवरची सावली त्या घरांवर दिवसभर पडून राहिली असती. काका म्हणत होते, टॉवर रस्त्याच्या बाजूला, दक्षिणेला घ्या. सावली पडायचीच तर आपल्या आवारात पडू दे. बिल्डर म्हणाला, मग मंजुऱ्या पुन्हा पहिल्यापासून, ते आम्हाला जमणार नाही. आणि सभासद म्हणाले, म्हणजे आम्ही अंधारात बसायचं, कोणासाठी?

डिसेंबरातल्या एका दुपारी काकांनी सगळ्या कमिटीला गच्चीवर नेलं. खाली पलीकडच्या गल्लीत खाटा टाकलेल्या होत्या, भिंतीवर गाद्या वाळत होत्या, एक बाई लहान मुलीला उन्हात बसवून तेल लावत होती. काकांनी हात लांब करून दाखवलं, इथपासून तिथपर्यंत. भाटियाजी म्हणाले, "साळवे साहब, इनसे हमारा क्या लेना-देना?" काका म्हणाले, "कुछ नहीं। इसीलिए इनसे कोई पूछने नहीं जाएगा।" सगळे त्यांना गच्चीवर सोडून जिना उतरले. मीही. मला त्यांचा राग येत होता, हे स्पष्ट सांगते. जगाच्या उन्हाची काळजी करायला हे मोकळे, आणि माझ्या घरात छताच्या सळ्या दिसत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात ते छत पडलं. स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर. सासूबाई नुकत्याच पाणी पिऊन तिथून खोलीत आल्या होत्या. मी त्या धुळीतच काकांकडे गेले आणि दारातूनच ओरडले की आता कोणी मेलं तर ते तुमच्या सहीमुळे मेलं असं मी समजेन. काकू रडायला लागल्या. काकांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"घर सोडायला सही लागत नाही, मीनल," ते म्हणाले. "आजच सोडा. मीही सोडतो."

लोक घरं सोडत नव्हते, कारण एकदा बाहेर पडलो की बिल्डर वाऱ्यावर सोडेल अशी सगळ्यांना धास्ती होती. काका त्याच आठवड्यात बाहेर पडले, शेजारच्या सेक्टरमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यांचं सामान टेम्पोत चढताना बघून बाकीचे हलले. पावसाळ्याआधी इमारती रिकाम्या झाल्या, फाटकाजवळचं ऑफिस तेवढं चालू राहिलं. आज आम्ही सगळे धड आहोत ते त्यामुळे, आणि हे एकानेही त्यांना तोंडावर सांगितलं नाही. आमचं भाड्याचं घरही त्यांनीच शोधलं. सासूबाईंची खोली कोणती, यावर माझ्या नवऱ्याशी वाद घालून त्यांनी दक्षिणेचीच घ्यायला लावली. आणि सही? सही नाही. भाडं भरून वैतागलेले लोक ग्रुपवर वाट्टेल ते लिहू लागले. कोणी त्यांना विकाऊ म्हटलं, कोणी म्हणालं म्हातारचळ लागलाय. शेवटचे भेटले ते थंडीच्या सुरुवातीला, बाजारात, मेथी निवडत होते. मी विचारलं, काका, किती ताणायचं? म्हणाले, तुटेपर्यंत नाही गं... वळेपर्यंत. मग त्यांनी मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत टाकली.

दफनाला सोसायटीतले बरेच जण आले होते. मराठी गीत म्हणणारे मोजकेच, त्यांचा आवाज त्या मोकळ्या जागेत पुरत नव्हता. भाटियाजी मागे, हात बांधून उभे होते. परत निघताना त्यांनी मला विचारलं, भाभीजी साइन कर देंगी ना? काही दिवसांनी कागद घेऊन काकूंकडे गेले ती मीच.

काकूंनी मला कागद वाचूही दिला नाही. म्हणाल्या, "ह्यांचं खरं होतं, मला माहीत आहे. पण मला आता परक्या घरात मरायचं नाही." सही केली, पेनाला टोपण लावलं. मी इतके महिने ज्या सहीसाठी जिवाचं रान केलं होतं ती मिळाली, आणि मला नुसतं रडू येत होतं. निघताना त्या म्हणाल्या, पलीकडे जनता फ्लॅटमध्ये सांगून ये. हे रोज दुपारी तिथे जाऊन बसायचे. त्यांना कोणी कळवलं नसेल.

रोज जात होते, हे मला ठाऊकच नव्हतं. भिंतीला वळसा घालून मी पहिल्यांदाच त्या गल्लीत शिरले. दारात बसलेल्या एका वयस्क बाईंना साळवे साहब म्हणताच त्यांनी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट केलं. उन्हात मांडलेली, रिकामी. कितने दिन से नहीं आए, त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि मला त्या खुर्चीत बसायला सांगितलं. पाठीला ऊन लागलं. काका इथे बसून नक्की काय करायचे, असं विचारलं तर म्हणाल्या, कुछ नहीं, बैठते थे, बच्चों से बात करते थे. समोर बड़ी बिल्डिंग बनेगी, हे मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"तो कब बन रही है?" बाईंनी विचारलं.

बिल्डरशी होणाऱ्या करारावर सोसायटीतर्फे शेवटची सही सेक्रेटरीची असते. तो करार तेव्हा माझ्या पर्समध्ये होता, काकूंच्या संमतीबरोबर.

"अभी एक साइन बाकी है," मी म्हणाले.

"किसका?"

"मेरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून मला जरा उभं राहायला सांगितलं, ऊन सरकलं होतं तिकडे खुर्ची ओढली, आणि मी परत बसले.