मागच्या पानांवरची सही

१६ मे २०२४ रोजी शाळेने रद्दी विकली आणि ५७४ रुपये जमा झाले. एकेचाळीस किलो, किलोला चौदा रुपये. मतदानासाठी वर्ग मोकळे करून द्यायचे होते, म्हणून जोगेश्वरीतल्या आमच्या शाळेची सगळी कपाटं मी रिकामी करवली. मी इथला मुख्य लिपिक, आणि माझ्या मते काम चोख झालं होतं.

त्या एकेचाळीस किलोंत गणिताची एक वही होती. ती रत्नप्रभा घाडीगावकर बाईंना हवी होती, हे मला जूनमध्ये कळलं.

रत्नप्रभाबाई आमच्याकडे अकरा वर्षं चित्रकला शिकवतात, तासिकेवर. जितके तास तितके पैसे, आणि मे महिन्यात काहीच नाही. त्यांचे वडील गिरणीत कापडाच्या गाठींवर शाईने नंबर घालत. "आमच्या बाबांचा इंग्रजी आठ बघायला हवा होता तुम्ही," बाई सांगतात. "दोन्ही पोटं अगदी सारखी." बाईंची नजर तिथे तयार झाली.

चित्रकलेच्या तासाला मुलं जे काढतात त्यावर बाई फारसा विश्वास ठेवत नाहीत. तिथे सगळे शहाण्यासारखे डोंगर आणि नारळाची झाडं काढतात. दर शनिवारी त्या शिक्षकांच्या खोलीत येऊन विचारतात, "या आठवड्यात कोणाच्या वह्या धरल्या?" तास चालू असताना वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढली की आमच्याकडे वही जप्त होते आणि पालक आल्याशिवाय परत मिळत नाही. बाई या वह्या मागून उघडतात. एखादं चित्र पटलं की कोपऱ्यात सही करून तारीख घालतात.

गणिताचे चंद्रप्रकाश सर यावर चिडतात. "मी शिक्षा करतो आणि तुम्ही शाबासकी देता?"

"सर, शोधून तर तुम्हीच देता. एवढी बारीक नजर माझीसुद्धा नाही."

जूनमध्ये एका खाजगी ट्रस्टचा फॉर्म आला. प्रत्येक शाळेतून दहावीचा एकच विद्यार्थी, आणि शिफारस चित्रकला शिक्षकानेच करायची. निवड झाली की दोन वर्षं दर रविवारी मोफत शिक्षण, रंग-कागद ट्रस्टचे. सोबत मागच्या वर्षीची तीन मूळ चित्रं हवीत, त्या वेळच्या शिक्षकाच्या सही-तारखेसह. शेवटचा दिवस शनिवार, २९ जून.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर्वेशचं नाव द्या. ग्रेड परीक्षेत ए आहे, चित्रं फ्रेम करून तयार आहेत."

"सर्वेशच्या चित्रांतलं अर्धं काम त्याच्या क्लासचे सर करतात, मॅडम. नाव शीतलचं जाईल."

शीतल खरात शेवटच्या बाकावरची. तिची आई, सुंदराबाई, पहाटेपासून एका केटररकडे चपात्या लाटते, त्यामुळे वही सोडवायला ती कधी आली नाही. नववीत शीतल वर्षभर फक्त समोरच्या बाकांवरच्या मुली काढत होती, पाठमोऱ्या. वेण्या, सुटलेल्या रिबिनी, मानेवरची घामोळी. चेहरा एकही नाही, तरी कोणती मुलगी कोण हे शिपाईसुद्धा सांगेल. सगळं त्या गणिताच्या वहीत, आणि वही चंद्रप्रकाश सरांच्या कपाटात.

बाई कपाट उघडून माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊसाहेब, वह्या कुठे गेल्या?"

मी पावती दाखवली.

"पावती छान आहे," त्या म्हणाल्या. "आता चला."

तो शुक्रवार होता, २८ तारीख. नंदूचं रद्दीचं दुकान लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. महिना उलटून गेल्यामुळे मला आशा नव्हती. नंदू काट्यामागून न उठताच म्हणाला, "शाळेचा माल? वह्यांचे पुठ्ठे काढले, ते गेले. आतला कागद मागे आहे, दोन गोणी. पण पुठ्ठ्याशिवाय नाव कसं कळणार, बाई? शोधताना तुमची वाट लागेल."

"नाव नको मला. तुम्ही गोणी ओता."

"पसारा कोण आवरणार?"

"हे आवरतील," माझ्याकडे बोट. "पसारा यांनीच विकलाय."

बाई जमिनीवर बसल्या. एकेक गठ्ठा उचलायचा, मागून उघडायचा, बाजूला ठेवायचा. पुढचं पान त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी गठ्ठे रचत होतो. दुसरी गोणी निम्मी झाली तेव्हा त्यांचा हात थांबला. दोन वेण्या, त्यातली एक अर्धवट सुटलेली, आणि कोपऱ्यात 'र. घाडीगावकर, २.३.२४'. पुढे आणखी सहा पानं, सहाही सह्यांची.

"ही मानसी," बाई वेण्यांवर बोट ठेवून म्हणाल्या. "डावी वेणी कायम सुटते तिची."

नंदूने वाकून पाहिलं. "झकास आहे हो. कोणी काढलं?"

"उद्या फॉर्मवर लिहिणार आहे."

शिफारशीची जागा दहा ओळींची होती. बाईंनी चार ओळी लिहिल्या, त्यात एकही विशेषण नव्हतं. ही मुलगी वर्षभर शेवटच्या बाकावर बसली, तिथून जे दिसलं ते तिने काढलं, सोबतची पानं पाहावीत, एवढंच. खाली सही केली. मी शिक्का मारला आणि फॉर्म स्वतः पवईला, ट्रस्टच्या ऑफिसात नेऊन दिला.

९ ऑगस्टला ट्रस्टचं पत्र आलं. निवडलेल्या वीस जणांत शीतल खरात सहावी. सुंदराबाई त्या दिवशी काम सोडून पहिल्यांदा शाळेत आली आणि दारातूनच चंद्रप्रकाश सरांना म्हणाली, "सर, वही न्यायला आलेय."

सरांनी बाईंकडे बोट दाखवलं. चार पानं उरली होती, ती बाईंनी तिला दिली. आता सर शनिवारची वाट पाहत नाहीत. वही धरली की स्वतः नेऊन देतात आणि बाईंची सही होईपर्यंत तिथेच उभे राहतात. रद्दी काढण्यापूर्वी मी प्रत्येक वही मागून उघडतो.

त्या शुक्रवारी नंदूने वहीचे आठ रुपये सांगितले होते. बाईंकडे पाचशेची नोट होती, माझ्याकडे सुटे नव्हते, आणि फोनवर पैसे घ्यायचे तर त्याचा फोन चार्जिंगला दिलेला होता. ते आठ रुपये अजून द्यायचे आहेत.