दोन पॉइंट त्र्याऐंशी

गॅस कंपनीच्या बिलांच्या खोलीत त्याला सगळे दशांश म्हणायचे. बायकोही म्हणायची, पण रागावली की. एकोणतीस वर्षं तो एकच काम करत होता: लोकांच्या घरच्या मीटरवरचा आकडा घ्यायचा आणि त्याचे बिलावरचे युनिट करायचे. आता यात कसला आलाय अभिमान, असं कुणालाही वाटेल. दशांशला होता, आणि चांगला घसघशीत होता.

"मीटरला काय कळतं?" सापडेल त्याला धरून तो सांगायचा. "तो नुसता किती गॅस गेला ते मोजतो. त्यात ऊब किती होती, ते त्याच्या बापालाही ठाऊक नसतं. गॅस उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, म्हणून घनमीटरला आधी एक पॉइंट शून्य दोनने गुणायचं. मग त्या महिन्याच्या गॅसात उष्णता किती होती, त्या आकड्याने. आपल्याकडे साधारण एकोणचाळीस. मग तीन पॉइंट सहाने भागायचं. झाले युनिट!" ऐकणारा तोवर पळालेला असायचा.

जुन्या मीटरांची कथा आणखी निराळी. ते शंभर-शंभर घनफुटांत मोजत. त्यांच्या आकड्याला सगळ्यांच्या आधी दोन पॉइंट त्र्याऐंशीने गुणावं लागे, म्हणजे फुटांचे मीटर होत. हा भाग सांगताना दशांश उभा राहायचा.

तक्रारीच्या खिडकीवरची बाई रजेवर होती, म्हणून त्या मंगळवारी तिथे तो बसला होता. चाळिशीची एक बाई आली. तिच्यामागे तिचे वडील, पंचाहत्तरीचे, इस्त्रीच्या शर्टात, हातात एक वही. बाईने अर्ज पुढे सरकवला. 'कनेक्शन कायमचं बंद करणे.' कारण: 'वडिलांना विसर पडतो.'

"एकटेच राहतात," ती म्हणाली. "गॅस चालू ठेवून विसरतात. सहा महिन्यांची बिलं बघा ना! जीव टांगणीला लागलाय माझा. एखाद्या दिवशी घरासकट उडतील. आता गॅस बंद, घर बंद, आणि माझ्याकडे यायचं."

"हो ना काका?" दशांशने विचारलं.

काकांनी आधी मुलीकडे पाहिलं. "ही म्हणते तर असेल," ते म्हणाले.

दशांशने बिलं पाहिली. आधी एकशे चौतीस युनिट, एकशे तेहेतीस, एकशे पस्तीस. मग एकदम तीनशे ऐंशी. आणि पुढे दर महिन्याला तीनशे ऐंशीच्या आसपास. त्याच्या कपाळाला आठी पडली. विसरणारा माणूस कधी एक तास विसरेल, कधी तीन. इतक्या शिस्तीत दर महिन्याला सारखंच कोण विसरतं?

"वहीत काय आहे?"

"काही नाही हो," मुलगी म्हणाली. "तेही त्यातलंच."

काकांनी वही दिली. सात दहा, चालू. सात बावीस, बंद. पानंच्या पानं. शेवटच्या महिन्यात नुसतं सकाळचं दूध तापवलं होतं, बाकी दिवसभर थंडच खाल्लं होतं, आणि बंद या शब्दाखाली दोन-दोन रेघा होत्या. तरी बिल तेवढंच. दशांश बघतच राहिला. म्हणजे वही खोटी, नाहीतर मीटरचा आकडा खोटा, नाहीतर गुणाकार खोटा. तिसरी शक्यता त्याच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आली आणि त्याला ती मुळीच आवडली नाही.

त्याने तीनशे ऐंशीला एकशे चौतीसने भागलं. मग दुसऱ्यांदा भागलं, उगाच. दोन्ही वेळा दोन पॉइंट त्र्याऐंशी.

"काका, मीटर बदलला होता का?"

"बदलला वाटतं. सात महिने झाले असतील... पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका."

नोंद काढली. जुना मीटर फुटांचा, नवा घनमीटरचा. नव्याच्या नोंदीत मात्र अजून 'फूट'च. शिवाय शेवटच्या महिन्याचा आकडा फारच बारका दिसला म्हणून कुणीतरी तो चुकीचा समजून आधीच्या महिन्यांच्या अंदाजाने भरला होता, म्हणून तो महिनाही तसाच फुगलेला. आणि नोंदीखाली सही. सही दशांशची! तारीख पाहिली आणि त्याला सगळं आठवलं. त्या दुपारी शेजारच्या टेबलावरच्या कॅशियरला तो फुटांचे मीटर कसे करतात ते समजावत होता. अर्धा तास. उभा राहून.

'कॉम्प्युटरची चूक झाली,' हे त्या खोलीतलं सगळ्यात चालू वाक्य होतं. दशांशच्या जिभेवर ते आलंही. तेवढ्यात काका हळूच मुलीला म्हणाले, "साहेब रागावले का गं? माझं काही चुकलं का?"

दशांशला कानफटात बसल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मीटर बदलला, तेव्हा फुटांच्या जागी घनमीटर लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. यांनी काही जास्त जाळलेलं नाही. उलट आधीपेक्षा कमी."

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, सहा महिने! सहा महिने मी या माणसाला रोज फोन करून विचारतेय, बंद केला का, नक्की केला का! डॉक्टरकडे नेऊन आणलं!" आणि मग तिला रडू आलं. "आणि बाबा, तुम्ही स्वतःच म्हणालात ना, विसरलो असेन म्हणून?"

"दर महिन्याला बिल घेऊन यायचीस," काका म्हणाले. "छापलेलं. मग मलाच वाटायला लागलं, विसरत असेन."

दशांशने अर्ज मुलीला परत दिला. तिने तो फाडला, नीट चार तुकडे करून.

"दुरुस्तीचं पत्र आठ दिवसांत येईल," दशांश म्हणाला.

"ते बिलाचं," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "माझं काय? मला काही झालेलं नाही, असं लिहून द्या."

असा फॉर्म कंपनीत नव्हता. दशांशने कोरा कागद घेतला. 'सदर ग्राहक गॅस बंद करायला विसरलेले नाहीत. विसर मला पडला होता.' खाली सही केली. मग, नियमात अजिबात बसत नसताना, शिक्का मारला.

काकांनी कागद दोनदा वाचला. घडी घातली आणि मुलीच्या हातात दिला.

"तुझ्याकडेच ठेव," ते म्हणाले. "माझ्याकडून हरवला, तर पुन्हा सुरू करशील."