तांब्याचं छप्पर आणि दोन किलो चिंच

चि. ईशान आणि मीरा,

अंगणातल्या गणपतीच्या देवळाचं छप्पर दोन रंगांचं कसं, असं तुम्ही परवा फोटो पाहून विचारलंत. मीच लिहून टाकते. आजोबांना ही गोष्ट सांगताना नको इतका आनंद होतो.

छप्पर तांब्याचं हवं, ही माझ्या नणंदेची, म्हणजे वन्संची हौस. भिवंडीजवळच्या आमच्या या सगळ्या पूर्णा गावात गोदामांचे पत्रे, देवावरही पत्राच? छे! एरवी गोदामंच शाकारणाऱ्या मिस्त्रीने तांब्याच्या कडा एकीत एक दुमडून, वरून एकही खिळा न दिसता छप्पर बसवलं. जाताना म्हणाला, "आजी, याला हात लावायचा नाय. आधी काळं पडंल, मग वीस वर्षांनी हिरवं. हिरवं झालं की पक्कं!"

हिरवं! चाळीस वर्षांत घरातलं एक भांडं कळकू न देणाऱ्या मला हा पत्रेवाला तांबं शिकवणार? आणि कळकलेलं तांबं देवाच्या डोक्यावर?

दोन महिन्यांत छप्पर जुन्या चपलेच्या रंगाचं झालं. माघी गणपतीला वन्सं येणार होत्या. (त्यांच्या जिभेपेक्षा विंचू परवडला.) त्याआधी ते लखलखायलाच हवं होतं!

दोन किलो चिंच, किलोभर मीठ. भांडीवाली सुगंधा म्हणाली, "देवाच्या डोस्क्यावर पाय? न्हाय बा!" मग शिडीवरूनच, काठीला काथ्या बांधून तिने अर्धं छप्पर घासलं. काय झळकलं! तेवढ्यात टाकीतलं पाणी संपलं.

"धुवायचं राहिलं ना?" आजोबा.

"उद्या धुऊ. तुम्ही पेपर वाचा."

पाणी तीन दिवस आलं नाही, चिंच-मीठ तसंच छपरावर राहिलं. (भिवंडीत राहून नळावर विश्वास!)

चौथ्या दिवशी वन्सं उतरल्या. न घासलेली बाजू शांत तपकिरी. घासलेली पोपटासारखी हिरवी! नव्या पांढऱ्या भिंतीवर हिरवे ओघळ. वन्संनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुमन, तू इंग्रजीत एम.ए. ना गं?"

"हो."

"मग बरोबर. सायन्स नव्हतंच तुला."

मिस्त्रीला बोलावलं. तो हात जोडूनच उभा राहिला. "पावसाला वीस वर्षं लागतात आजी. तुम्ही चार दिवसांत! दुसरी बाजू कधी घेताय?"

छप्पर अजून आहे. एक थेंब गळत नाही. हिरवी बाजू माझी.

— आजी