मढच्या किनाऱ्यावरून भर समुद्रात

जहाजावर अधिकारी होण्याच्या तोंडी परीक्षेत आमची मुलगी एकदा नापास झाली होती. चंद्र आणि ग्रह बघून जहाज कुठे आहे ते काढायचं, नेमकी तिथेच तिची दांडी उडाली. दुसरी खेप तोंडावर आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मढला चला. संधिप्रकाशात सराव करायचाय. मी 'आता' म्हटलं की तुम्ही वेळ सांगायची."

बोरिवलीहून आम्ही तिघं निघालो. किनाऱ्यावर पोचल्यावर मी पूर्वेकडे तोंड करून चंद्र उगवायची वाट बघत बसलो.

"अहो, आज अष्टमी," बायको म्हणाली. "डोक्यावर बघा."

अर्धा चंद्र दक्षिणेकडे जरा झुकून केव्हाचा उभा होता. पश्चिमेला शुक्र दिसू लागलाच होता. मुलीने मैत्रिणीकडून आणलेलं सेक्स्टंट डोळ्याला लावलं आणि दोघं क्षितिजापासून किती वर आहेत ते मोजलं. फोनला बंदी होती, जहाजावर चालतं तसंच सगळं हवं. मी सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या मनगटी घड्याळातून सेकंदासकट वेळ सांगत होतो. खरं सांगायचं तर आवाज जरा कप्तानाचाच लागला होता.

मग टपरीवर चहा घेत तिने पंचांगासारखं जाडजूड पुस्तक उघडून गणित केलं. परत केलं. चहा निवला.

"काय गं?"

"आपण भर समुद्रात आहोत. किनाऱ्यापासून जवळजवळ दीडशे मैल." तिने पेन खाली ठेवलं. "नाही जमणार मला. या वेळी परीक्षेला बसतच नाही."

"वाळू आहे की पायाखाली," मी म्हणालो. त्याने काही धीर आला नाही.

बायकोने विचारलं, "सगळंच चुकलंय का?"

"नाही ना. चंद्रावरून उत्तर-दक्षिण बरोबर येतंय. शुक्रावरून आपण नुसते पश्चिमेला सरकलोय. असं फक्त वेळ चुकली तर होतं."

दोघींनी एकदम माझ्या मनगटाकडे पाहिलं.

नोकरीला लागलो तेव्हापासून माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, गाडी चुकू नये म्हणून. घरातलं भिंतीवरचंही तसंच. आम्ही सगळे न बोलता दहा वजा करतो. शुक्राला कोण सांगणार?

"बाबा, चार सेकंद चुकले तर एक मैल जातो," ती म्हणाली, पण हसायला लागली होती. दहा मिनिटं वजा केल्यावर आम्ही मढला परत आलो, टपरीपासून थोडेसेच लांब.

परीक्षेत साहेबांनी विचारलं म्हणे, उत्तर-दक्षिण बरोबर आणि पूर्व-पश्चिम चुकीचं आलं तर आधी काय तपासशील?

"सर, घड्याळ कोणाचं आहे ते."

पास झाली. निकाल सांगायला फोन केला तेव्हा तिने आधी मला वेळ विचारली.