साखरेचं दुसरं माप

भडक्याचं खरं नाव काय, हे त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बूच निघालं नाही की बाटली भिंतीवर, बूट चावला की बूट गटारात. एरवी माणूस कामाला वाघ होता.

तो आणि त्याचा थोरला भाऊ आल्याचं फसफसतं सरबत बनवत. आल्याचा काढा गार करायचा, पिंपात साखर ओतायची, चिमूटभर यीस्ट घालायचं, बाटल्या भरून बुचं तारेनं आवळायची आणि तळघरात तीन दिवस ठेवायच्या. बंद बाटलीत यीस्टला हवा मिळत नाही. पण ते बेटं हवेवाचूनही जगतं, साखर खातं आणि वायू सोडतं. साखर मापात असली तर त्याचा फेस होतो, जास्त झाली तर बॉम्ब. म्हणून साखर ओतली की थोरला ओरडायचा, "टाकली!" पलीकडून भडका म्हणायचा, "ऐकलं!" आणि मगच यीस्टला हात लावायचा. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

एका सकाळी थोरल्यानं भडक्याच्या मुलीच्या कानाखाली वाजवली. पोरीनं पिंपाचं झाकण उघडं टाकलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. भडक्यानं काही विचारलं नाही. हातातला लाकडी क्रेट त्यानं भावाच्या तोंडावर हाणला. पुढचे दोन दात फरशीवर पडले. थोरल्यानं रक्त थुंकत त्याची मान धरली आणि त्याचं डोकं नळावर आपटलं. थोरल्याची बायको, वहिनी, मध्ये पडली नसती तर एकाचा तरी निकाल त्याच दिवशी लागला असता.

तेव्हापासून अबोला. एकाच छपराखाली दोघं एकमेकांकडे पाठ करून राबत.

"भावजी, हे विचारतायत, बुचं आली का?"

"वहिनी, त्यांना सांगा, डोळे फुटलेत का?"

निरोप असे जायचे. पण एक दिवस वहिनी बहिणीकडे गेली होती. थोरल्यानं साखर ओतली आणि तोंड मिटून निघून गेला. भडक्यानं कान दिला. हाक नाही. चाखून बघता आलं असतं, पण चाखायची पळी थोरल्याच्या खिळ्याला टांगलेली होती. त्याच्या पळीला हात लावण्यापेक्षा मेलेलं बरं! "विसरला वाटतं शहाणा," असं पुटपुटत भडक्यानं पुन्हा पूर्ण माप साखर ओतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरला बाटल्या आणायला तळघरात उतरला. पहिली बाटली फुटली तेव्हा भडका वर चक्क हसला. मग दुसरी फुटली, आणि मग अख्खी मांडणी एकदम उडाली. काचा दारातून बाहेर आल्या. खाली थोरला गुरासारखा ओरडला.

"भावजी!" वहिनी किंचाळली.

भडक्यानं अंगावर गादी ओढली, डोक्यावर बादली पालथी घातली आणि आत घुसला. बाटल्या फुटतच होत्या. एक काच गादी फाडून त्याच्या मांडीत गेली, एक तळहातातून आरपार. थोरला भिंतीशी पडला होता आणि त्याच्या मानेतून रक्ताची चिळकांडी उडत होती. भडक्यानं त्याच फाटक्या हातानं जखम दाबली आणि त्याला पायऱ्यांवर ओढत आणलं.

थोरल्याचे ओठ हलले. त्या दोन दात पडलेल्या तोंडातून शब्द आले, "टाकली होती रे."

"ऐकलं," भडका म्हणाला. "दादा, ऐकलं. ऐकलं ना!"

हाताखालची धडधड तोवर थांबली होती.

दुसऱ्यांदा साखर कुणी ओतली, हे त्यानं स्वतःच वहिनीला सांगितलं. तिनं त्याला तिथंच पायऱ्यांवर चपलेनं मारलं, हात दुखेपर्यंत मारलं. आयुष्यात पहिल्यांदा भडक्यानं मार खाल्ला आणि हात उचलला नाही.

याला वर्ष झालं. आता साखरही भडकाच ओततो आणि यीस्टही तोच घालतो. पण साखर ओतली की तो ओरडतो, "टाकली!" आणि तसाच उभा राहतो. मागच्या नळावर बाटल्या धूत बसलेली वहिनी कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं म्हणते, "ऐकलं."

दिवसभरात ती त्याच्याशी तेवढंच बोलते.