मासळीच्या पाटीची चाल

त्या बाई आधी माणसाचे पाय बघतात, मग तोंड. मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरून आमच्या थळला येतात आणि चालताना अडखळणाऱ्यांच्या घोट्याला चाल मोजणारे घड्याळाएवढे सेन्सर बांधतात. शिकल्यात इंजिनिअरिंग, पण बोलतात सुईणीसारखं, "हळू, हळू, आलंच."

अर्धांगाच्या झटक्यानंतर आई डावा पाय ओढत चालायची. अंगणात तिला चालवलं की बाईंच्या मोबाइलवर उमटणारी चालीची रेघ वेडीवाकडीच. तिसऱ्या खेपेला ती चिडली. "अगो, डोक्यावर पाटी नसताना मी कवा चालली हाय?" जन्मभर तिनं दारोदार मासळी विकलेली.

"चुकलंच माझं," म्हणत बाईंनी सेन्सर स्वतःच्या पायाला बांधले, आईची पाटी डोक्यावर घेतली आणि वाळूत चालू लागल्या. पाटी तीनदा पडली. मग रिकामी पाटी आईच्या डोक्यावर ठेवली. तिची पाठ ताठ झाली, पाऊल उचललं गेलं. तोच तिचा रोजचा व्यायाम ठरला.

परवा बाईंना पोचवायला आई मांडव्याला रिक्षातून उतरली आणि आपल्या पायांनी जेट्टीवर चालत आली. बाई बोटीच्या रांगेत लागल्या तशी ओरडली, "पोरी, खांदा पडलाय तुझा! बॅग डोक्यावर घे!"

बाईंनी भर रांगेत खरंच घेतली. या खेपेला पडली नाही.